कापलेली पात

"अगं अवदसे, हे काय करून ठेवलंस?"

माझा आवाज असा निघाला की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणावर गेल्या. पडवीत गोणपाट अंथरून योगिता बसली होती. हातात माझा भाताचा विळा. एका बाजूला आमच्या पांढऱ्या कांद्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या पातीचा. कांद्यांच्या ढिगाकडे बघितलं. एकाही कांद्याला शेपटी राहिली नव्हती. सगळे कसे न्हाव्याकडून उठून आल्यासारखे बोडके.

"पात कापली, आत्याबाई," ती म्हणाली. तिच्या माहेरी सासूला आत्याबाई म्हणतात. "वाळली होती."

"वाळली होती म्हणून कापायची? मग ती वाळवत कशाला घातली होती मी? शोभेला?"

"आमच्याकडं कापतात."

"तुमच्याकडं! तुमच्याकडं कांदा ट्रॅक्टर भरभरून जातो मार्केटात. इथे माळ विणतात माळ! आता पातीशिवाय माळ कशाची विणू? तुझ्या केसांची?"

तिने मान खाली घातली. हातातला विळा मात्र खाली ठेवला नाही, शेवटचा एक कांदा उरला होता तोही उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत कच्चकन त्याची पात उडवली. मी कपाळावर हात मारून घेतला. आमचे हे आतून बाहेर आले, ढीग बघितला, माझं तोंड बघितलं आणि टोपी घालून चालते झाले. ते चिंचेखाली जाऊन बसले ते जेवायलाच परत आले.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण अजून कोणी पडवीत विळा घेऊन बसलं की मला तो दिवस आठवतो.

योगिता घरात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. चांदवडकडची, कांद्याच्याच घरातली. आमचा हेमंत कंपनीच्या कामासाठी नाशिकला गेला आणि तिथून हिच्याशी लग्न ठरवूनच परत आला. मुलगी वाईट नव्हती. कामाला वाघीण. पण बोलायची नाही. विचारलं तर हो, नाही विचारलं तर गप्प. मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, मला अशी मुकी माणसं सहन होत नाहीत. एक-दोनदा मुद्दाम भांडण उकरून काढलं. तिने ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली. हेमंत आठवडाभर ड्यूटीवर, हे शेतावर, आणि घरात आम्ही दोघी. एकीचं तोंड बंद होत नाही आणि दुसरीचं उघडत नाही.

आता माळेचं सांगते, म्हणजे माझ्या ओरडण्याचं कारण कळेल.

अलिबागचा पांढरा कांदा तुम्ही खाल्ला असेल. गोड, कच्चा खाल्ला तरी चालतो. पण गिऱ्हाईक तो ओळखतं माळेवरून. सुटा पांढरा कांदा कुठूनही आणून विकता येतो, माळ मात्र इकडचीच. कांदा पातीसकट उपटायचा, पातीसकट वाळवायचा, मग पातीवर पाण्याचा हबका मारून ती नरम करायची आणि केसांची वेणी घालावी तशी एकात एक गुंतवत न्यायची. उन्हाळ्यात अलिबागकडे येताना खिंड उतरलात की रस्त्याच्या कडेला शिरीषाच्या झाडांखाली आमची रांग लागते. कैऱ्या, जाम, ताडगोळे, पळसाच्या पानात करवंदं, आणि बांबूच्या आडव्या काठीवर टांगलेल्या माळा. मुंबईच्या गाड्या कचाकच ब्रेक मारतात त्या याच माळांसाठी.

त्या रांगेतली पहिली जागा माझी होती. माझ्याआधी माझ्या सासूची. आमच्या रांगेचा एक कायदा आहे, कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडण्याची कोणाची छाती नाही. ज्या बाईच्या हातची माळ, तिचीच जागा. विकत घेतलेली माळ आणून बसायचं नाही, मजुरीने विणून घेऊन बसायचं नाही. पीक गेलं, घरात बाळंतपण निघालं, कोणी वारलं, तर एक हंगाम माफ. जागा राखली जाते. पण हात थांबले की जागा गेली. माझ्या सासूची बोटं थांबली तेव्हा ती एका सकाळी मला म्हणाली, जा, आता तू बस. ती ओटीवर बसून राहिली. रांगेकडे पुन्हा फिरकली नाही, कोणाच्या लग्नालासुद्धा त्या रस्त्याने जायची नाही. दोन पावसाळ्यांत गेली बिचारी. दुखणं काही नव्हतं.

आणि त्या वर्षी माझी बोटं थांबली होती.

पावसाळ्यात चिकनगुनियाची साथ आली, मी तापले, उठले, ताप गेला, पण बोटांच्या सांध्यांत जे शिरलं ते निघेना. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. भाकरी थापताना देव आठवायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, हेमंतला नाही. डॉक्टरकडे गेले तेही "डोकं दुखतंय" म्हणून, आणि सोबत आलेल्या योगिताला बाहेर बाकावर बसवून. कांदा निघाला, वाळला, माळांचे दिवस आले. मी जाहीर केलं, "माळा मी एकटी विणणार, कोणी हात लावायचा नाही." आणि रोज "उद्या बसते, उद्या बसते" म्हणत ढकलत होते. दुपारी सगळे पडले की मागच्या पडवीत जाऊन एखादी विणायला घ्यायची, चार कांदे झाले की हात सुटायचा. माळ सैल. सोडायची, पुन्हा घ्यायची. रडू यायचं, पण रडून तरी कोणाला सांगणार?

आता खरं सांगते. योगिताने पात कापलेली बघून मी ओरडले, शिव्या घातल्या, कपाळ बडवलं. पण आतून मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच मला लाज वाटली. सुटले होते मी. या वर्षी माळा नाहीत, आणि त्यात माझा काही दोष नाही. सुनेने नासधूस केली, पीक गेल्यातच जमा. एक हंगाम माफ.

शनिवारी कांदा टोपल्यांत भरून आम्ही दोघी रांगेत गेलो. सुटा कांदा विकायला बंदी नव्हती, फक्त तो कोणी घेत नव्हतं. माझ्या शेजारची जागा माझ्या धाकट्या जावेची, सुलभाची. तिचा डोळा कितीतरी वर्षं माझ्या पहिल्या जागेवर, कारण गाडी आधी तिथे थांबते. तिच्या काठीवर माळा लटकलेल्या, माझी काठी मोकळी.

"ताई, माळा कुठायत?" तिने विचारलं.

मला सांगावं लागलं. आणि सांगताना मी काही कमी केलं नाही. "विचार हिला! घाटावरची अक्कल! मी जरा शेतावर जाऊन येते तोवर हिने बसून सगळी पात साफ केली!"

झालं. ती बातमी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि प्रत्येक जागेवर थोडी फुगून परत आली. बायका करवंदं सोडून बघायला येऊ लागल्या. हिराकाकी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, हातात काठी घेऊन आली, एक बोडका कांदा उचलून चष्म्यापुढे धरला आणि म्हणाली, "अगो, ह्याची तर मुंज केली!"

सगळ्या खिदळल्या. मीही हसले. योगिता टोपलीमागे बसून होती, पदर सारखा करत.

गिऱ्हाइकं यायची, माझ्या टोपलीजवळ थांबायची. "हा अलिबागचाच कशावरून?"

"खाऊन बघा," मी कांदा फोडून पुढे करायची. खायचे, गोड म्हणायचे आणि माळ घ्यायला सुलभाकडे जायचे. सुलभा प्रत्येकाला ती गोष्ट सांगायची. "आमच्या मोठ्या जाऊबाईंची सून हो, नवीन आहे, तिने सगळी पात कापून टाकली!" गिऱ्हाईक योगिताकडे वळून बघायचं. दर वेळी. दुपारपर्यंत मला ती गोष्ट नकोशी झाली. एकदा म्हटलंही, "पुरे ना गं सुलभा." पण आता ते थांबणार होतं का? सुरुवात मीच करून दिली होती. आमच्याकडे एखाद्या बाईला एकदा असं नाव पडलं की ते तिच्या नातवंडांपर्यंत पुरतं. "कापलेल्या पातीवाली" म्हणूनच हिला चितेवर चढवणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक मोठी गाडी थांबली. अर्ध्या चड्डीतला एक माणूस आणि त्याची बायको उतरली. त्याने सुलभाच्या काठीवरची सगळ्यात मोठी माळ पकडली, तीही वरून नाही, मधल्या कांद्याला धरून, आणि ओढली. माळ मधोमध सुटली. कांदे टणाटण रस्त्यावर.

"अरेरे, सॉरी हां," तो म्हणाला. "पण आम्हाला हीच हवी. हे कांदे मोठे आहेत. पुन्हा करून द्या ना."

सुलभा जागची हलली नाही. "दुसरी घ्या की. ही बघा, ही पण छान आहे."

"नाही, हीच," त्याची बायको म्हणाली.

"हात भरलेत माझे," सुलभा म्हणाली. तिचे हात चांगले कोरडे होते. मला नवल वाटलं, पण तेवढ्यात योगिता उठली. रस्त्यावरचे कांदे तिने ओच्यात गोळा केले, आमच्या पुढ्यात येऊन बसली, पाण्याची बाटली उघडून पातीवर हबका मारला आणि विणायला लागली.

मी बघतच राहिले.

बोटं अशी चालत होती की डोळ्याला धरता येईनात. मोठा कांदा, त्याच्या बगलेत लहान, पात वर, पात खाली. आणि तिसऱ्या कांद्याला तिने पात उलटी फिरवून आत खोचली. ती आतली खोच माझ्या सासूची. ती घातली की माळ वर्षभर सैल पडत नाही. सासूने ती मला शिकवली होती, मी कोणालाच नाही, सुलभाने किती वेळा विचारलं तरी नाही. आणि ही पोरगी ती अशी घालत होती, जणू माझेच चांगले असतानाचे हात हिच्या मनगटांना लावलेत.

मी तिच्याजवळ वाकले. "तुला माळ येते?"

"हो."

"कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडं बघून. तुम्ही मागच्या पडवीत विणून सोडायच्या ना, मी तीच पात घेऊन नंतर विणायचे आणि पुन्हा सोडून ठेवायचे."

"मग तुला ठाऊक होतं की पात कशासाठी असते!"

तिचं आपलं चालूच. पात वर, पात खाली.

"योगिता, मी काय विचारते? मग कापलीस का?"

तिने हात न थांबवता, मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगितलं. "तुम्ही दातानं पात ओढत होता, आत्याबाई. मला बघवेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं सुटायला वर्ष लागेल. तुम्ही मला बाहेर बसवलं, पण मधे नुसता पडदाच होता. मामंजी म्हणाले होते, पीक गेलं तर एक हंगाम माफ असतो. मग म्हटलं, घालवू पीक."

"अगं, तूच विणायच्या होत्यास की माळा!"

"मी विणल्या असत्या तर जागा माझी झाली असती. मग तुम्ही घरी."

दोन महिने मी हिला मुकी म्हणत होते, आणि ही माझा एकेक श्वास मोजत बसली होती. माझ्यासाठी हिने स्वतःचं हसं करून घेतलं. सकाळपासून सगळ्या रांगेच्या शिव्या आणि टोमणे पोटात घातले, त्यात सगळ्यात मोठ्या शिव्या माझ्याच. मला त्या पोरीची इतकी माया आली की तिथेच, भर रस्त्यात तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण गिऱ्हाईक उभं होतं.

आणि सुलभाही उभी होती. तिने योगिताचे हात बघितले होते. "अगं बाई! हिला तर येतंय!" ती ओरडली. "हिराकाकी, इकडे या! बघा तमाशा! माळ विणायला येते, तरी पात कापते! ताई, भाऊजींना सांगा, सुनेचं डोकं तपासून आणा आधी!"

पुन्हा बायका जमल्या. पुन्हा हसणं. एक म्हणाली, "वेडीच गो ही." योगिताची बोटं तेवढी चालत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नका बोलू, म्हणत होती.

मी गप्प बसले असते तर जागा माझीच राहिली असती. एक वर्ष तरी. हे मला त्या क्षणी चांगलं कळत होतं. मला माझी सासूही दिसत होती, ओटीवर बसलेली. भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण ते "वेडी" माझ्या कानात असं शिरलं की मी उभीच राहिले.

"कोण गं वेडी? कोण म्हणालं? तोंड सांभाळा! वेडी नाही ती, शहाणी आहे, तुम्हा सगळ्यांपेक्षा शहाणी! पात तिने माझ्यासाठी कापली. माझी बोटं गेलीत. हे बघा!" मी दोन्ही हात वर केले आणि मूठ वळून दाखवली. अर्ध्यावरच थांबली. "त्या तापापासून माझ्याने एक माळ पुरी होत नाही. मी लपवलं आणि या पोरीने ते झाकलं. आता माझी जागा कोणाला घ्यायची असेल तर घ्या. सुलभा, तुला हवी होती ना? ये, बस. पण माझ्या सुनेला पुन्हा कोणी हसलं तर गाठ माझ्याशी आहे!"

चड्डीवाला माणूस आपण काही केलं की काय अशा चेहऱ्याने उभा.

सुलभा खाली बसली. माझ्या जागेवर नाही, तिच्याच टोपलीवर. मग तिने उजवा हात माझ्यापुढे धरला.

"माझा अंगठा वळत नाही, ताई," ती म्हणाली. "त्या तापापासनं. ह्या माळा माझ्या पोरीने, पिंकीने विणल्यात. परीक्षेचा अभ्यास सोडून."

"काय?"

"मग काय करू? तुम्ही विणताय, सगळ्या विणतायत, मी एकटीच कशी सांगू?"

हिराकाकीने काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं आता ही दोघींना रांगेतून काढते. "माझ्या माळा तर थळ गावाहून येतात," ती म्हणाली. "बहीण पाठवते. पहाटेच्या एसटीने."

"हिराकाकी!"

"काय हिराकाकी? ताप काय तुम्हालाच आला होता?"

मग पलीकडून कैऱ्यांवाली सरस्वती हळूच बोलली, "आमच्याकडे तर हे विणतात." सगळ्या तिच्याकडे वळल्या. ती लाल झाली. "दार लावून. शपथ घातलीय मला, कोणाला सांगायचं नाही म्हणून."

तिचा नवरा म्हणजे एवढा थोरला मिशीवाला, बैलगाडीच्या शर्यतीत पुढे असणारा. तो दार लावून मांडी घालून कांद्याची वेणी घालतोय, हे आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकदमच आलं असणार. कारण आधी हिराकाकी हसली, मग सुलभा, मग रांगेत हसण्याचा असा लोंढा आला की करवंदांचे द्रोण लवंडले. सगळ्या गावाला ताप आला होता, सगळ्या गावाची बोटं गेली होती, आणि आम्ही साऱ्याजणी एकमेकींपासून लपवत बसलो होतो! मी हसता हसता रडत होते, की रडता रडता हसत होते, कोण जाणे. डोळे पुसायला पदर घेतला तर पदरही बोटांत नीट धरता येईना, त्याचंही हसू आलं.

"आता कायद्याचं काय?" कोणीतरी विचारलं.

"कायदा गेला खड्ड्यात," हिराकाकी म्हणाली. "कायद्याप्रमाणे बसायचं तर रांगेत सरस्वतीचा नवरा एकटाच बसेल."

तेवढ्यात खाली, माझ्या पायाशी, कोणीतरी मोठ्याने बोललं. तो आवाज कोणाचा ते मला आधी कळलंच नाही. मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"पण तुम्ही बोललात कशाला?"

योगिता. अर्धी माळ मांडीवर तशीच, डोळ्यांत पाणी, नाकाचा शेंडा लाल. "तुम्हाला बोलायची काय गरज होती? मी ऐकून घेत होते ना! हाताला फोड आले माझ्या, हे बघा! तेवढा ढीग एकटीनं कापला, सकाळपास्नं सगळ्यांची बोलणी खाल्ली, कशासाठी? आणि तुम्ही दोन मिनिटांत सगळं चव्हाट्यावर मांडलं! जरा म्हणून धीर धरवत नाही तुम्हाला! कायम आपलं तोंड पुढं!"

सुनेने सासूला भर बाजारात असं बोलायचं? सुलभाने तोंडावर हात ठेवला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी आता काय करते म्हणून.

दोन महिने मी भिंतीशी बोलत होते. आणि ही माझ्यावर ओरडत होती, चांगली घसा फोडून, पोटच्या पोरीने ओरडावं तशी. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, काय सांगू.

मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या फोड आलेल्या हातांवर माझे वाकडे हात ठेवले.

"ओरड," म्हटलं. "अजून ओरड, पोटभर ओरड. पण ती माळ पुरी कर गं बाई आधी, गिऱ्हाईक उभं आहे."